बुधवारी भेटा, नाहीतर शनिवारी

त्याला भेटायचं तर वार बघून जावं लागतं. महिने दोनच, जुलै आणि ऑगस्ट. त्यातही बुधवार नाहीतर शनिवार, आणि वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. एरवीही उन्हाळाभर तो असतो तिथेच, पण तेव्हा त्याच्या अंगावरून मोटारी आणि मोटारसायकली जात असतात आणि तो धुळीआड गेलेला असतो. तेव्हा त्याला बघून आलेले लोक 'देखावा छान, धूळ फार' एवढं सांगून विषय संपवतात. त्यांचंही खरंच असतं. गर्दीत ओझरतं भेटलेल्या माणसाबद्दल आपण तरी आणखी काय सांगणार?

सरकारी दप्तरात तो प्रांतिक रस्ता क्रमांक 173. लोकांच्या तोंडी अस्सिएत्ताचा रस्ता. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, तोरिनो शहराच्या पश्चिमेला, फ्रान्सची हद्द जवळ येऊ लागते तिथे दोन दऱ्या शेजारीशेजारी धावतात. उत्तरेला सूझाची दरी, दक्षिणेला किझोनेची. मधल्या डोंगरधारेवर हा पसरलेला आहे, सुमारे 35 किलोमीटर, बहुतेक सगळा कच्चा. पूर्वेकडचं पिआन देल्लाल्पे हे कुरण सुमारे 1900 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे आपण जिथे शिखर गाठून घंटा वाजवतो, त्याच्याही अडीचशे मीटर वर ह्याची नुसती सुरुवात होते. तिथून तो अस्सिएत्ताच्या खिंडीला 2472 मीटरवर पोचतो, लाउसोनच्या खिंडीला 2497 वर, आणि मग उतरायचं सोडून धारेवरच रेंगाळतो. ब्लेजिए, कोस्ता पियाना, बुर्जे, बासे. एकामागून एक खिंडी, जराशी उतरण, परत जरासा चढ. 2300 मीटरच्या खाली यायला तो मनापासून तयार नसतो. शेवटी सेस्त्रिएरे गावाकडे उतरावंच लागतं तेव्हा उतरतो.

स्पष्टच बोलायचं तर त्याची कुणाला गरज नाही. सूझाच्या दरीतून फ्रान्सकडे जाणारा महामार्ग आहे, रेल्वे आहे. डोंगराच्या पोटातून जाणारा फ्रेज्यूसचा रेल्वे बोगदा 1871 साली सुरू झाला, म्हणजे हा जन्मायच्याही आधी. मोटारींचा बोगदा 1980 साली आला. किझोनेच्या दरीतून सेस्त्रिएरेला जाणारा चांगला डांबरी घाट आहे. ह्याच्या वाटेत गाव नाही, शाळा नाही, पोस्ट नाही, पेट्रोल पंप नाही. दरवर्षी हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो, शरद संपता संपता अधिकृतपणे बंद होतो आणि जूनच्या आसपास पुन्हा डोकं वर काढतो. मधले सात-आठ महिने कुणाचं काही अडत नाही.

मग तो तिथे आलाच कशाला? तर तो लष्करात जन्मला. 1882 साली इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार केला आणि शेजारचा फ्रान्स शत्रूच्या रकान्यात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या धारेवर तोफा ठेवायच्या ठरल्या. ग्रान सेरिन, ग्रान कोस्ता अशा जागी तोफांचे मोर्चे आणि बराकी उभ्या राहिल्या, आणि त्यांना जोडणारा हा रस्ता डोंगराच्या कुशीत कोरला गेला. जागा लष्कराने काही हवेतून काढली नव्हती. खाली किझोनेच्या दरीत फेनेस्त्रेल्लेचा किल्ला आहे. 1728 साली काम सुरू झालं ते सव्वाशे वर्षं चाललं. डोंगराच्या अंगावरून सुमारे तीन किलोमीटर चढत गेलेली तटबंदी आणि तिच्या पोटातून जाणारा जवळजवळ 4000 पायऱ्यांचा झाकलेला जिना. गडांवर वाढलेल्या मराठी माणसानेही दोन मिनिटं गप्प उभं राहावं असं ते प्रकरण आहे. त्या किल्ल्यावर चाल करायची तर वरची धार हातात हवी, हे फ्रेंचांना आधीच ठाऊक होतं. 19 जुलै 1747 रोजी ते अस्सिएत्तावर चढून आले. वर पिएमोंतेचं, म्हणजे ह्याच मुलखाचं, सैन्य दगडांचे बांध रचून बसलं होतं, ब्रिकेराझियोच्या सरदाराच्या हुकमाखाली. फ्रेंच सेनापती बेल-इल निशाण घेऊन स्वतः बांधावर चढला आणि तिथेच पडला. फ्रेंचांकडचे मेलेले आणि जखमी सुमारे 5000, वरच्यांचे काहीशे. आजही जुलैमध्ये लोक जुने गणवेश चढवून इथे येतात आणि ती लढाई पुन्हा लढतात. त्या दिवशी वर एवढी गर्दी असते की सायकलवाल्याने दुसरा मुहूर्त शोधावा.

रस्ता झाला तो ह्या लढाईनंतर दीडशेएक वर्षांनी. त्याचं स्वतःचं युद्ध मात्र आलंच नाही. 1915 साली इटली महायुद्धात उतरली ती फ्रान्सच्याच बाजूने, आणि इकडच्या तोफा काढून ऑस्ट्रियाच्या आघाडीवर नेल्या गेल्या. 1940 च्या जूनमध्ये मुसोलिनीने फ्रान्सवर चाल केली तेव्हा ह्या भागातला मान शाबर्तों नावाच्या शिखरावरच्या तोफखान्याचा होता. 3131 मीटरवर आठ बुरूज, युरोपातल्या सगळ्यात उंच किल्ल्यांपैकी एक. फ्रेंचांनी 21 जूनला खालून उखळी तोफांनी त्यातले सहा उडवले. ह्या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या अंगावरून ते कापल्यासारखं सपाट माथ्याचं शिखर आजही दिसतं. 1947 च्या तहात ते फ्रान्सकडे गेलं. आमचा गडी ह्या सगळ्या काळात बाजूलाच राहिला. बराकींची छपरं कोसळली, भिंती उरल्या, आणि हा ना धड लष्करी ना धड मुलकी असा धारेवर पडून राहिला.

आता त्याच्या स्वभावाकडे वळू, कारण तो स्वभाव ह्याच जन्मकथेतून आला आहे. त्याचा चढ आखला गेला तो माणसासाठी नव्हे, खेचरासाठी. तोफेचा गाडा ओढणारं खेचर दमून थांबलं तर सगळी रांग थांबते, आणि गाडा मागे घसरला तर त्याहून वाईट. म्हणून लष्करी इंजिनिअरांनी डोंगराशी वाद घातला नाही. सरळ चढायच्या जागी लांब वळसा घेतला, ओढ्याच्या तोंडापर्यंत आत जाऊन परत बाहेर आले, वळणं रुंद ठेवली. खेचराचा दम आणि सामान लादलेल्या सायकलवाल्याचा दम ह्यांत फारसा फरक नाही. त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतर खडीच्या रस्त्यासाठीच्या ग्रॅव्हल बाइकवर आलेल्या माणसाला वाटतं की रस्ता आपल्यासाठीच बेतला आहे. श्वास लागतो, कारण अडीच हजार मीटरवर प्राणवायू समुद्रकाठच्या तीन चतुर्थांशच मिळतो, पण चढ क्वचितच अंगावर येतो. एकदा लहान गिअर लावला की पाय आपसूक एका लयीत फिरू लागतात. बुधवारी आणि शनिवारी मोटारी बंद, म्हणून त्याला सुट्टी असते असं लोक समजतात. मला उलट वाटतं. ज्या वेगासाठी तो बांधला गेला तो वेग त्याला ह्या दोनच दिवशी मिळतो. त्याची ड्युटी तेव्हाच असते. बाकीचे पाच दिवस तो दुसऱ्याच कुणाची तरी नोकरी करतो.

ह्याचा पुरावा त्याच्या अंगावर उमटलेला असतो. खडीच्या रस्त्यावरून चाकं वेगाने गेली की ती बारीक उसळ्या घेतात, प्रत्येक उसळीनंतर जिथे आपटतात तिथे खडी सरकते, आणि बघता बघता आडव्या पन्हाळ्या पडतात. हळू जाणाऱ्या चाकांना हे जमत नाही. नियमाने मोटारींनाही तिथे ताशी 30 किलोमीटरच्या वर जायला बंदी आहे, पण डोंगरात नियम वाचायला कोण थांबतं! म्हणून पिआन देल्लाल्पेच्या वरच्या सरळ पट्ट्यांत त्या पन्हाळ्या आढळतात आणि दात वाजवतात. अशा वेळी कडेची, चाकोरीबाहेरची अर्धा हात रुंद पट्टी धरायची. मोटारी नसल्यामुळे ती धरता येते, हा ह्या दोन दिवसांचा खरा फायदा. देखावा काय, मोटारीतूनही दिसतो.

खडी म्हणजे तरी एक जात नाही. खाली कुरणाच्या बाजूला मुरूम आणि मातीची घट्ट बैठक, तिच्यावर टायर नुसता सरसरतो. खिंडीजवळ सुटा दगड, मुठीएवढा. आणि मध्येच पापुद्र्यांच्या खडकाचे चपटे, चकाकणारे तुकडे, जे चाकाखाली गेले की भांड्यावर भांडं पडल्यासारखे वाजतात. ह्या सगळ्यांशी टायर बोलतो. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर घ्यावा आणि हवा आपल्या मनाला पटते त्याहून थोडी कमी ठेवावी. डांबरावरची दगडासारखी फुगवलेली हवा घेऊन जो येतो त्याला हा पहिल्या पाच किलोमीटरमध्ये हिसका दाखवतो. उतारावर वळणाच्या बाहेरच्या अंगाला सगळी सुटी खडी साठलेली असते, तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक वळणाआधी. इथे बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि खाली जे आहे ते बघण्यासारखं असलं तरी जवळून बघण्यासारखं नाही.

शेजारी त्याचा एक थोरला भाऊ आहे, त्याची ओळख करून दिल्याशिवाय ह्याचं चित्र पुरं होत नाही. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे. सूझाजवळच्या मेआनापासून चढणारा, साडेअठरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर चढ, आणि शेवटचे आठ किलोमीटर कच्चे. 2178 मीटरवर माथा. उंचीला धाकट्यापेक्षा कमी, पण स्वभावाने रागीट, आणि टीव्हीवर आलेला. 2005 साली जिरो दितालिया ही सायकलशर्यत पहिल्यांदा त्याच्यावरून गेली आणि तेव्हापासून अधूनमधून येतच राहते. 2018 साली ख्रिस फ्रूम इथेच सगळ्यांना सोडून एकटा निघाला, सुमारे 80 किलोमीटर एकट्याने गेला आणि शर्यतच पालटून टाकली. त्याच दिवशी, त्याच चढावर आघाडीवीराची गुलाबी जर्सी घातलेला सायमन येट्स असा मागे पडला की दिवसअखेर अर्ध्या तासाहून जास्त वेळ गमावून बसला. पुढे 2025 साली, शर्यतीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, हाच येट्स ह्याच खडीवर आघाडीवरच्या इसाक देल तोरोला मागे टाकून निघाला आणि जिरो जिंकला. सात वर्षांनी त्याच जागी उधारी फेडली. अशी गोष्ट ज्याच्या नावावर जमा आहे त्याच्याकडे लोक जाणारच. ते जातात, माथ्यावर फोटो काढतात, आणि पलीकडे उतरताना पिआन देल्लाल्पेला उजवीकडे फुटणारा कच्चा फाटा त्यांना दिसतच नाही. तो फाटा म्हणजे आमचा धाकटा. त्याला शर्यतीचं कुणी विचारत नाही. मला वाटतं, ते बरंच आहे.

त्याच्या सोबतीला राहणाऱ्यांत पहिला मान मार्मोटचा. लठ्ठ, तपकिरी, बिळाच्या तोंडाशी उभा राहून तीक्ष्ण शीळ घालणारा. मोटारीच्या दिवशीही तो शीळ घालत असणार, ऐकू बुधवारीच येते. दक्षिणेचं अंग उघड्या कुरणांचं, गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटांचं. उत्तरेचं अंग एकदम वेगळं: साल्बेर्त्रानचं मोठं संरक्षित अरण्य, स्प्रूस आणि देवदाराच्या जातीची काळी झाडं, सूझाच्या दरीत उतरत गेलेली. नव्वदच्या दशकात ह्या दऱ्यांत लांडगे परत आले. तेव्हापासून मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरे, वासराएवढे राखणदार कुत्रे दिसतात. ते दिसले की सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरायची आणि गुमान चालत लांबून जायचं. इथे सायकलवाल्याने मर्दुमकी दाखवू नये. कुत्रा कामावर असतो, आपण फिरायला आलेलो असतो.

जूनमध्ये, बर्फ हटल्यावर, ह्या कुरणांत रानटी व्हायोलेट फुलतात. त्या दिवसांतल्या दुधाचं एक चीज बनतं, प्लेझांतिफ. ते जुलैत मागितलं तर गवळी मान हलवतात. ते मुरायला ठेवलेलं असतं आणि विक्रीला सप्टेंबरमध्येच निघतं. तोवर तोमा हे दुसरं चीज खा म्हणतात. तोमाही काही वाईट नसतं, भूक लागलेली असली तर मुळीच नाही.

राग त्यालाही येतो, आणि तो दुपारचा असतो. सकाळी नऊला आकाश धुतल्यासारखं असतं. दक्षिणेला मोनव्हीझोचा 3841 मीटरचा सुळका एकटा उभा, उत्तरेला रोच्चामेलोने, पश्चिमेला फ्रान्समधल्या एक्रांच्या हिमनद्या. तुम्ही फोटो काढत, थांबत, रमतगमत जाता. बाराच्या सुमाराला खालच्या पो नदीच्या मैदानातली ओल तापून वर चढायला लागते आणि दोन्ही दऱ्यांतून धुकं एकाच वेळी धारेवर येतं. तासाभरापूर्वी शंभर किलोमीटर दिसत होतं, आता पुढचं वळण दिसत नाही. गडगडाट झाला तर धारेसारखी वाईट जागा नाही. झाड नाही, छप्पर नाही, आणि बराकींच्या मोडक्या भिंतींचा आडोसा विजेपुढे कामाचा नाही. शहाणी माणसं सकाळी लवकर निघतात आणि दोनच्या आत धार सोडतात. ज्यांना सकाळी लवकर उठवत नाही त्यांनी डोंगराशी संबंध जपून ठेवावेत.

ह्या दोन दिवशी येणारी माणसंही बघण्यासारखी असतात. बारीक शरीराची, दाढी ठेवलेली ग्रॅव्हलवाली पोरं, हँडलला पिशव्या बांधून चार देश फिरायला निघालेली. माउंटन बाइकवरची जोडपी. विजेच्या सायकलवरचे साठी-सत्तरीतले आजी-आजोबा. ह्यांच्याकडे बघून काही कडवे सायकलवाले नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या रस्त्यावर खेचरांनी तोफा ओढल्या तिथे बॅटरीने गुडघे ओढले म्हणून काय बिघडलं? मोटार नसल्यामुळे सगळे शेजारीशेजारी चालवतात, गप्पा मारत. अनोळखी माणूस समोरून आला तरी हात वर करतो. एका बाजूने कुणीतरी पिएमोंतेच्या बोलीत काहीतरी पुटपुटतो, दुसऱ्या बाजूने फ्रेंच ऐकू येतं. ह्याच धारेवर दोघांचे पूर्वज एकमेकांवर दगड लोटत होते, पण आज भांडण असलंच तर पंक्चरच्या चिकटपट्टीवरून.

मोटारसायकलवाल्यांवर माझा राग नाही. त्यांचंही ह्याच्यावर प्रेम आहे, आणि जर्मनीहून, ऑस्ट्रियाहून मुद्दाम ह्याच्यासाठी येणारे आहेत. दोन दिवस आपले, पाच त्यांचे, असा हा सौदा आहे, आणि सौदा म्हणून तो ठीक आहे. दक्षिणेला लिमोने आणि मोनेसीमधला जुना मिठाचा रस्ताही असाच आठवड्यातले दोन दिवस मोटारींना बंद असतो, तिथे मंगळवार आणि गुरुवार. म्हणजे नीट आखलं तर एका आठवड्यात दोघांनाही भेटता येतं. सगळे सातही दिवस बंद करावेत असं म्हणणारे आहेत. त्यांच्या बाजूने मन झुकतं, पण मग सेस्त्रिएरेच्या हॉटेलवाल्यांचं ऐकावं लागेल, आणि त्यांचं म्हणणं ऐकायला जास्त वेळ लागतो.

एका बाबतीत मात्र मी त्याला माफ केलेलं नाही. त्याचा पश्चिमेचा शेवट वाईट आहे. बासेच्या खिंडीनंतर स्कीच्या उतारांत तो शिरतो, तारांचे खांब, थंड पडलेल्या लिफ्ट, बुलडोझरने खरवडलेले पट्टे. मग सेस्त्रिएरे येतं: 2035 मीटरवर, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीपासून हिवाळ्यासाठी उभारलेलं गाव, 2006 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलेलं. उन्हाळ्यात त्याचे गोल मनोरे आणि मोकळे पार्किंग बघून दिवसभर कमावलेलं सगळं अंगावरून उतरतं. म्हणून माझं सांगणं असं की उलटं जावं. तोरिनोहून सकाळच्या गाडीने उल्क्सला उतरावं, तिथून डांबरी घाटाने सेस्त्रिएरे गाठावं, ते कंटाळवाणं काम आधीच संपवावं. मग बासेवर चढून पूर्वेला तोंड करावं. दुपारचं ऊन पाठीवर येतं, उतार शेवटी राहतो, आणि रस्ता स्कीच्या खांबांमधून निघून गाईंमध्ये संपतो. ज्यांच्या पायांत अजून जीव असेल त्यांनी पुढे थोरल्याच्या माथ्यावर जाऊन मेआनाकडे उतरावं, तिथेही रेल्वे स्टेशन आहे. बाकीच्यांनी पिआन देल्लाल्पेला थांबून तोमा विकत घ्यावं. फक्त पाचच्या आत. त्यानंतर गाई दोहायची वेळ होते आणि चीज कापून द्यायला कुणी मोकळं नसतं.